भ्यालेला स्टॉपर

म्हाळू बिडगरला मी तीन वर्षं पाठीमागून पाहिलं. कॉलेजच्या फुटबॉल संघात मी गोलकीपर होतो आणि तो माझ्यापुढचा स्टॉपर, म्हणजे गोलच्या तोंडाशी उभा राहणारा शेवटचा बॅक. पुढं त्याचा चेहरा शिरूर तालुक्यातल्या सगळ्यांनी पाहिला. एसटी स्टँडच्या भिंतीवर, चौकातल्या फ्लेक्सवर, हात जोडलेला, कपाळाला भंडारा. पण त्या चेहऱ्यावरून त्याचं काही कळायचं नाही. कळायचं ते पाठीवरून. समोरचा फॉरवर्ड बॉल घेऊन निघाला की म्हाळू दोन्ही हात मागं घ्यायचा, एका मुठीत दुसरं मनगट धरायचा, आणि ते धरलेलं मनगट थरथरत असायचं. समोरच्याला दिसायचा एक उंच, रुंद खांद्यांचा, जागचा न हलणारा काळाभोर गडी. थरथर फक्त मला दिसायची.

लोक त्याला वाघ म्हणायचे. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याला इंजेक्शनचं भ्या वाटायचं, परीक्षेच्या वर्गाचं वाटायचं, नगर रस्ता ओलांडायचं तर फारच. ट्रकांची रांग संपली तरी तो कडेला उभाच. दुसरं कुणी ओलांडायला लागलं की त्याच्या आडोशानं पलीकडं. हॉटेलात शिरला की आधी भिंतीला पाठ लागेल अशी खुर्ची शोधायचा. नव्या ठिकाणी गेला की हळूच विचारायचा, "हितनं बाहेर कुठनं जायचं?" मॅच असली की सकाळपासून अन्न नाही, आणि शिट्टी व्हायच्या आधी पाण्याच्या टाकीमागं जाऊन ओकायचं, चूळ भरायची, तोंड पुसून यायचं. मग माझ्याजवळ येऊन विचारायचं, "अन्या, तुला भ्या वाटतंय का?" मी नाही म्हटलं की तो बेचैन व्हायचा. "मंग तू काय कामाचा?" म्हणायचा.

त्याची वस्ती इनामगावच्या बाजूला, घोडनदीच्या काठावर. वडील, म्हणजे आप्पा, तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाऊन यायचे. आता काठची जमीन कसून ऊस लावत होते. त्या भागात कधीकाळी पुण्याचे लोक येऊन जुनं गाव खणून गेलेले. म्हाळू लहानपणीची ऐकलेली गोष्ट सांगायचा, की खड्ड्यात एक माणूस रांजणात बसलेला निघाला, पाय पोटाशी घेऊन. "हजारो वर्सं तसाच बसल्याला," तो म्हणायचा, "त्यालाबी भ्याच वाटत आसणार." सगळे हसायचे. तो हसायचा नाही.

आप्पांनी त्याला एकच गोष्ट शिकवली होती. लांडग्याला पाठ दावायची न्हाई. पळालास की त्याला कळतं, ह्यो खायाचा हाय. म्हाळूनं ती इतकी मनावर घेतली होती की तो बॉलकडंसुद्धा कधी पाठ करत नसे. मागं हटायचा तो उलट्या पावलांनी, डोळे पुढं ठेवून, आणि पाऊल कुठं पडतंय ते मला ओरडून सांगावं लागायचं.

फुटबॉलमध्ये तो आला तोही भिऊनच. आमच्याकडं खेळ म्हणजे कबड्डी, नाहीतर कुस्ती. त्याची उंची बघून कबड्डीवाल्यांनी त्याला उचललं. पहिल्याच दिवशी पाच-सहा जण अंगावर पडले. उठून धूळही न झाडता तो मैदान ओलांडून सरळ पीटर सरांपुढं येऊन उभा राहिला.

पीटर सर आमचे खेळाचे शिक्षक. दौंडच्या रेल्वे कॉलनीतले, तरुणपणी तिथल्या पोरांत नाव काढलेले. रोज एसटीनं शिरूरला यायचे आणि पाइपांचे दोन गोल रोवून आम्हा चौदा-पंधरा जणांना फुटबॉल शिकवायचे.

"सर, तुमच्या खेळात अंगावर कोण पडतं का?" म्हाळूनं विचारलं.

"चुकून पडतो कधी एखादा."

"आन् जागा किती हाय?"

सरांनी नदीच्या उतारापर्यंत पसरलेल्या मुरमाड मैदानाकडं नुसता हात केला.

"मंग मला ह्यात घ्या."

सरांनी घेतलं. त्यांना त्याच्यात काय दिसलं ते आम्हाला वर्षभरानं कळलं. तो कधी घाई करायचा नाही, कारण पुढं जायची त्याला इच्छाच नसायची. फॉरवर्ड येईपर्यंत तो वाट बघायचा, आणि वाट बघणारा माणूस समोर असला की बॉलवाल्याचीच तारांबळ उडते. सरांनी त्याला शिकवलं, "डोळ्यांकडे बघू नको. पायांकडे पण नको. त्याच्या कमरेकडे बघ. कंबर झूठ नहीं बोलती." म्हाळूनं हे जन्मभरासाठी घेतलं. पुढं मीटिंगमध्ये बसला तरी तो समोरच्याच्या तोंडाकडं बघत नसे. लोकांना वाटायचं, किती नम्र आहे.

आमच्या मैदानाच्या उजव्या अंगाला पाण्याच्या लाइनीसाठी खणलेला एक खड्डा होता. वरून मुरूम टाकलेला, पण पाय घोट्यापर्यंत आत जायचा. बाहेरचा संघ आला की म्हाळू त्यांच्या फॉरवर्डला आदरानं सांगायचा, "पाव्हणं, उजवीकडनं जाऊ नका, खड्डा हाय." पाहुण्याला वाटायचं, हा बनवतोय, ह्याची उजवी बाजू कच्ची दिसते. तो बरोबर तिकडनंच जायचा आणि तोंडावर पडायचा. म्हाळू बॉल काढून घ्यायचा, वर त्याला हात देऊन उठवायचा. "मी तर सांगितलं व्हतं," म्हणायचा. आणि खरंच वाईट वाटलेलं असायचं त्याला.

दौंडची मॅच झाली ती आमच्या शेवटच्या वर्षी. आम्ही टेम्पोतून गेलो. पीटर सर पुढं ड्रायव्हरजवळ, एकदम गप्प, कारण त्यांच्याच गावात त्यांच्याच शेजाऱ्यांच्या पोरांविरुद्ध ते आम्हाला घेऊन चालले होते. दौंडच्या मैदानाच्या चारी बाजूंना माणसं होती. गोलच्या मागं, भिंतीवर, उभ्या असलेल्या सायकलींवर. आम्हाला एवढ्या माणसांपुढं खेळायची सवय नव्हती. म्हाळू दोनदा ओकला.

त्यांच्याकडं सॅम्युअल नावाचा मुलगा होता. सगळं गाव त्याला सॅमी म्हणायचं. कुरळे केस, किरकोळ अंग, आणि बॉल असा पायाला की दोरीनं बांधलाय असं वाटावं. पुढच्याच आठवड्यात त्याला मुंबईच्या एका मोठ्या संघानं चाचणीला बोलावलं होतं. हे आम्हाला ठाऊक होतं, कारण मैदानावरचा प्रत्येक माणूस तेच बोलत होता.

मध्यंतरानंतर एका कॉर्नरवर आमचा गोल झाला. मैदान एकदम गप्प झालं, आणि त्या गप्प होण्याचंच भ्या वाटलं. मग सॅमी बॉल घेऊन मधोमध निघाला. दोघांना चुकवलं. म्हाळूची मूठ मनगटावर आवळलेली मला दिसली. मग हात सुटले आणि तो पुढं गेला. सरळ, खाली घसरत. बॉल उडून बाहेर गेला. आणि उसाचं कांडं गुडघ्यावर मोडावं तसा आवाज आला.

सॅमी ओरडला तो थोड्या वेळानं. त्याआधी त्यानं फक्त आपल्या पायाकडं बघितलं होतं.

चुन्याची रेघ ओलांडून माणसं आत आली. आमची पोरं टेम्पोकडं पळाली. माझ्या गोलच्या मागूनच गर्दी घुसली, त्यामुळं मला पळायला जागाच नव्हती. मी खांबाला चिकटून उभा राहिलो आणि सगळं बघितलं. म्हाळू गुडघ्यांवर बसला होता. सॅमीचा मोडलेला पाय त्यानं दोन्ही हातांनी सरळ धरला होता, हलू नये असा. पाठीत लाथ बसली. कुणीतरी डोक्यात सोड्याची बाटली घातली. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं पुसलं नाही. मान वर केली नाही. एकानं त्याला केसाला धरून ओढलं, तशी सॅमीनंच किंकाळी फोडली, "मारू नका! पाय हलतोय माझा!"

त्या ओरडण्यानं मारणारे हात थांबले. म्हाळूला मारलं की सॅमीला लागत होतं. मग गर्दी त्या दोघांभोवती नुसतीच उभी राहिली, धापा टाकत. तेवढ्यात पीटर सर रेटून आत आले, कुणीतरी बाकडं आणलं, त्यावर सॅमीला निजवलं. बाकड्याबरोबर म्हाळूही वाकून चालत गेला, पाय तसाच धरून, रिक्षापर्यंत.

परतताना टेम्पोत पोरांनी त्याला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. आम्ही पळालो, हा पठ्ठ्या हालला नाही. वाघ रे वाघ. म्हाळू कोपऱ्यात भुवईवर रुमाल दाबून बसला होता. चौफुला गेलं, पारगावचा पूल गेला. न्हावऱ्याला टेम्पो थांबला तेव्हा पोरं चहाला उतरली आणि आम्ही दोघंच मागं राहिलो.

"अन्या, कुणाला सांगू नको," तो म्हणाला. "मला पळायचं व्हतं. पाय हाललंच न्हाईत."

"पण त्याचा पाय तर तू धरलास."

"काय तरी धरायला पायजे व्हतं."

मग त्यानं विचारलं, "बॉल आधी लागला का पाय?"

"बॉल."

"खरं सांग."

"बॉलच. मी मागंच होतो."

हा प्रश्न त्यानं मला पुढं कितीतरी वर्षं विचारला. लग्नात पंगतीला बसलेलो असताना, नदीवर पोहायला गेलो असताना, एकदा तर ऐन सभेच्या आधी. मी दर वेळी बॉल म्हणायचो. त्या दिवशी मला खात्री होती. पण विचारून विचारून त्यानं ती इतकी पातळ करून टाकली की आता मी काय पाहिलं होतं ते मला सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी तो माझ्या दारात. "दौंडला जायचंय. तू चल."

ज्या गावानं आठवड्यापूर्वी त्याला रक्तबंबाळ केलं तिथं जायला तो एसटीत डोक्याला टॉवेल गुंडाळून बसला होता. हॉस्पिटलच्या पायऱ्या तो भिंतीला धरून चढला. हातात घरच्या तुपाची बरणी. सॅमीची आई दाराशीच भेटली. बारकी, चष्मा लावलेली, झग्यावर स्वेटर घातलेली बाई. सगळे तिला मेरीआंटी म्हणायचे. तिनं म्हाळूच्या भुवईवरच्या टाक्यांकडं बघितलं आणि ओळखलं.

"काय बघायला आलास? दुसरा पाय शिल्लक आहे का ते?"

त्यानं बरणी पुढं केली.

"ते ठेव तुझ्याकडे. जा."

तो गेला नाही. बाहेरच्या बाकावर बसला, संध्याकाळच्या एसटीपर्यंत. पुढच्या रविवारी परत. त्याच्या पुढच्याही. मी कधी बरोबर असायचो, कधी नसायचो. आंटी त्याच्यासमोरून ये-जा करायची, बघायची नाही. एका रविवारी वॉर्डात कुणी माणूस नव्हतं आणि सॅमीला उचलून बसवायचं होतं. आतून हाक आली, "ए शिरूर! इकडे ये!"

म्हाळू असा उठला की बाक मागं पडलं. त्या दिवसापासून आंटीसाठी त्याचं नाव शिरूर. तिनं चहा दिला, तोही पाहुण्यासारखा कपात न देता घरच्यासारखा स्टीलच्या ग्लासात, आणि विचारलं, "भीती नाही वाटत तुला इथं यायला? मारतील ना पोरं."

"लय वाटती."

"मग कशाला येतोस?"

"न्हाई आलो तर आठवडाभर वाटती, आंटी. आलो तर एकच दिस."

मग तिनं तुपाची बरणी कुठंय म्हणून विचारलं.

सॅमीचा पाय जुळला, पण आखूड झाला. मुंबईची चाचणी राहिली ती राहिलीच. पुढं तो रेल्वेच्या ऑफिसात चिकटला. म्हाळूनं उरलेल्या मॅचेस खेळल्या, पण तो आता कुणाच्या पायात घुसायचा नाही. फॉरवर्ड आला की उलट्या पावलांनी मागं मागं येत राहायचा, इतका मागं, की शेवटी त्याची पाठ माझ्या छातीला लागायची आणि बॉल आमच्या दोघांच्या बाजूनं आत जायचा. सर त्याला रागावले नाहीत.

पण दौंडची गोष्ट तोवर नदीच्या दोन्ही काठांना पोचली होती. सांगता सांगता शंभर माणसांची पाचशे झाली, बाटलीची तलवार झाली. एवढ्या जमावात जागचा न हललेला गडी! वस्त्यावस्त्यांवरची पोरं त्याच्याभोवती जमायला लागली. पाण्याच्या पाळीचं भांडण असो, बांधाचा तंटा असो, म्हाळूला बोलवा. तो जायचा, भिंतीला पाठ लावून बसायचा, दोन्ही बाजूंचं ऐकायचा, शेवटी हळू आवाजात दोन वाक्यं बोलायचा आणि ती लोक मानायचे. वाघ म्हटलं की तो हो म्हणायचा नाही, नाहीही म्हणायचा नाही. मला मात्र दिसत होतं, एका चुकीच्या नावानं त्याला धरलं होतं आणि आता त्या नावासारखं वागणं त्याला भाग पडत होतं.

पंचायत समितीच्या निवडणुकीला त्याला उभं केलं ते असंच. "मी न्हाई म्हणायलाच गेलो व्हतो," तो मला म्हणाला, "तर त्यांनी हार घातला."

त्या गणात, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघात, तोवर कधी निवडणूकच झाली नव्हती. दौलतआबा नावाचे बडे बागायतदार होते, साखर कारखान्याच्या बोर्डावरचे. ते नाव सांगतील तो माणूस बिनविरोध जायचा. धनगराच्या वस्तीवरच्या पोरानं अर्ज भरला, हे त्यांनी आधी हसण्यावारी नेलं. मग निरोप यायला लागले. मग एका टळटळीत दुपारी म्हाळूच्या भावाचा उभा ऊस पेटला.

दुसरा दिवस अर्ज मागं घ्यायचा शेवटचा. मी तेव्हा सणसवाडीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो आणि पत्र्याच्या चाळीत खोली घेऊन राहत होतो. शेजारी रामप्रवेश म्हणून बिहारचा लोडर. सकाळी म्हाळू आला. एका ट्रकमधून, अंगाला जळक्या पाचटाचा वास.

"तीनपर्यंत मुदत हाय," तो म्हणाला. "तवर मी सापडलो न्हाई म्हंजी झालं. सापडलो तर सही घेत्याल."

खोलीत भट्टीसारखं तापलं होतं. रामप्रवेशला मी दोन शब्दांत सांगितलं. त्यानं जास्त विचारलं नाही. बाहेरून माझ्या दाराला कुलूप घातलं आणि उंबऱ्यावर ताट घासत बसला. आत आम्ही दोघं अंधारात. रस्त्यावर कुठलीही जीप वाजली की म्हाळू मूठ तोंडात घालायचा.

आणि भर दुपारी एक जीप थांबली. दारं वाजवत माणसं आमच्या बोळात आली. शेजारच्या खोल्यांतून आवाज. मग आमच्या दारापुढं चपला.

"ह्यात कोण राहतं?"

"साहब पहली शिफ्ट में गये हैं," रामप्रवेश म्हणाला. ताटाचा आवाज चालूच. "शाम को आयेंगे. ताला देखिये ना."

कुणीतरी कुलूप ओढून बघितलं. मग चपला वळल्या. पण जाता जाता एक जण बोळाच्या तोंडाशी थांबला आणि मोठ्यानं म्हणाला, कुणाला म्हणून नाही, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं, "त्याला निरोप द्या. म्हातारा आमच्या गाडीत बसलाय, तहसीलपुढं. ऊन लय हाय म्हणावं."

जीप गेली. म्हाळू मोरीत जाऊन ओकला. चूळ भरली, तोंड पुसलं. मला वाटलं, आता तो मला नेहमीचा प्रश्न विचारणार. त्यानं विचारला नाही. "गाडी काढ," म्हणाला.

मोटारसायकलवर तो माझ्या मागं बसला होता. त्याचे हात माझ्या खांद्यांवर होते आणि त्याच्या अंगातली थरथर माझ्या खांद्यांतून हँडलपर्यंत येत होती.

तहसीलच्या आवारात, भर उन्हात जीप उभी होती. मागच्या सीटवर आप्पा, डोक्याला लाल पटका, दोन बाजूंना दोन माणसं. कडुनिंबाखाली खुर्ची टाकून दौलतआबा बसले होते.

"ये म्हाळू," ते मायेनं म्हणाले. "तुझीच वाट बघतोय. आत सायेब बसल्यात. सही कर आन् बापाला घरी ने. सकाळपास्नं जेवला न्हाई त्यो."

म्हाळू त्यांच्यापुढून गेला, जीपचं दार उघडून वर चढला आणि बापाच्या पायाशी बसला.

"आबा," तो तिथनंच म्हणाला, "मला लय भ्या वाटतंय."

"मंग सही करून मोकळा हो."

"हात चालंना." त्यानं दोन्ही हात बाहेर काढले. आवारातले टायपिस्ट, स्टॅम्पवाले, उताऱ्यासाठी आलेली माणसं, सगळी बघत होती. हात लटलट कापत होते. "हे बघा. पेन धरता येत न्हाई."

मला आजही सांगता येत नाही, तो डाव होता की खरं होतं. बहुतेक खरंच होतं. आबांनी खूण केली. दोघांनी त्याला ओढलं. त्यानं जीपची दांडी अशी धरली की जीपच हलायला लागली. म्हातारा आतल्या आत आपटायला लागला. तशी स्टॅम्पवाल्यांतली एक बाई उठून म्हणाली, "आवं आबा, म्हाताऱ्याला पाणी तरी पाजा." कुणीतरी तांब्या आणला. तांब्याबरोबर दोन माणसं पुढं झाली, मग आणखी चार. जीपभोवती माणसं उभी राहिली. प्रत्येकाच्या तोंडावर भीती होती आणि कुणी मागं सरत नव्हतं. ओढणाऱ्यांचे हात सैल झाले. थोड्या वेळानं आतून कारकून आला आणि मुदत संपल्याचं सांगून गेला.

आबा उठले. "भित्रं हाय लेकाचं," म्हणाले आणि निघून गेले.

आप्पा उतरायला लागले तेव्हा मला दिसलं, त्यांचं धोतर ओलं झालं होतं. सकाळपासून त्यांना गाडीतून हलू दिलं नव्हतं. म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढं घेतले. म्हाळूनं अंगातला शर्ट काढला, कुणाच्या लक्षात यायच्या आत बापाच्या कमरेला बांधला, आणि वर बघितलं. आबांची गाडी फाटकातून बाहेर पडत होती तिकडं. मी त्याच्या समोर उभा होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर भ्या नव्हतं. जे होतं ते बघून मी नजर वळवली.

तो निवडून आला. पुढं जिल्हा परिषदेवर गेला. त्यानं कामं केली, हे मान्यच करायला हवं. वस्त्यांना डांबरी रस्ते आले, नदीवर पूल झाला, आमच्या कॉलेजचं मैदान सपाट झालं. दौलतआबा त्यानंतर कुठल्याच निवडणुकीत दिसले नाहीत. का, ते कुणी मोठ्यानं विचारलं नाही. म्हाळूला आता साहेब म्हणायचे, आणि साहेब कधी आवाज चढवत नसत.

शेवटचं त्याला भेटलो ते रामप्रवेशमुळं. कारखान्यांना मजूर पुरवायचा ठेका तोवर नव्या माणसाकडं गेला होता आणि तो माणूस म्हाळूचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रामप्रवेशनं त्याच्या हाताखाली जायला नकार दिला. दोन दिवसांनी त्याचा हात कोपरापासून मोडलेला होता.

मी शिरूरला म्हाळूच्या ऑफिसात गेलो. बाहेर बाकांवर वीस-पंचवीस माणसं बसली होती आणि पंख्याशिवाय कसला आवाज नव्हता. मला लगेच आत घेतलं. म्हाळू उठून आला, मिठी मारली, चहा सांगितला. मी सगळं सांगितलं.

"कोण रामप्रवेश?"

"माझ्या दाराला कुलूप घालून बसला होता तो."

त्यानं चहाची बशी उचलली. "व्हय," म्हणाला, "भला माणूस. दवाखान्याचं मी बघतो. बरा झाला की त्याला गावाला धाडून दे."

"आणि ठेकेदार?"

म्हाळूनं बशी टेबलावर ठेवली. "अन्या, तू ह्यात मधी पडू नको," तो हळू म्हणाला. "तुझी पोरगी लहान हाय. शिक्रापूरला शाळंला जाती न्हवं, रिक्षानं? ती पिवळी रिक्षा."

मुलगी शाळेत जायला लागल्याचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

मला पोचवायला तो पायऱ्यांपर्यंत आला. खांद्यावर हात ठेवला. बाकावरची सगळी माणसं उभी राहिली. तो काळजीनं बोलला असेल. जुना मित्र, त्यानं चौकशी ठेवली असेल माझ्या घरची. त्याच्या जवळच्या माणसांची माहिती तो ठेवायचाच. हे मी गाडी सुरू करताना स्वतःला सांगत होतो. तो उन्हात डोळे बारीक करून उभा होता, हात वर केलेला.

रामप्रवेशचं दवाखान्याचं बिल त्यानं भरलं. रामप्रवेश बिहारला गेला तो परत आला नाही.

त्या दिवशी शिक्रापूर येईपर्यंत मी आरशात बघत होतो. मागं नुसते ट्रक होते. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात शिफ्ट बदलून मागितली, आणि मुलीला शाळेत सोडायला स्वतः जाऊ लागलो.